उजव्या हाताचा बगला

पार्वताबाई निमकर्डेचं नाव काढलं की मल्हारखेडात अजूनही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नवऱ्याला तिनंच खाल्लं. दुसरा म्हणतो, तिनं बिचारीनं काय केलं, सरकारनं खाल्लं. दोन्ही तटांतल्या बऱ्याच जणांचे बाप आणि चुलते त्या संध्याकाळी गाड्यांवर चढून बसले होते, हे मात्र एकही पठ्ठ्या सांगत नाही. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासूनच सांगितली पाहिजे.

पार्वताबाई मूळची बडनेऱ्याची. बाप रेल्वेच्या रुळांपलीकडे भाजीपाला पिकवायचा. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती अकोल्याजवळच्या मल्हारखेडात निमकर्ड्यांच्या घरी आली. मळा होता, विहिरीला पाणी होतं, आणि वांगी अशी निघायची की बाजारात लोक गावाचं नाव घेऊन मागायचे. पार्वताबाई डोक्यावर टोपली घेऊन दर बाजाराला अकोल्यात जायची. जठारपेठेतल्या वकिलांच्या बायका तिच्याशी घासाघीस करायच्या आणि शेवटी तिच्याच भावानं घ्यायच्या. बाई तोंडाची फटकळ, हिशेबाला पक्की, आणि कोणाच्या बापाला भिणारी नव्हती. भीती तिला एकाच गोष्टीची होती, आणि ती तिच्या घरातच होती.

त्या घराचं नाव वांग्यांमुळे नव्हतं, गाड्यांमुळे होतं. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. पण चंपाषष्ठीला खंडोबापुढे ज्या बारा ओढल्या जातात त्यांना गाड्याच म्हणायचं. बैल सोडून बारा गाड्या एकामागे एक बांधतात. त्यांवर माणसं चढतात, जितकी मावतील तितकी. आणि दिवस मावळायच्या सुमाराला अंगाला हळद माखलेला एक माणूस, म्हणजे भगत, पहिल्या गाडीच्या जुवाचा दोर कमरेला अडकवून त्या ओढत पळतो. एकटा माणूस बारा गाड्या कशा ओढेल, असं शहाण्यांनी विचारू नये. मागून गाव ढकलतं, आणि गाड्या एकदा हलल्या की आपल्या आपण धावतात. खरं संकट ओढण्यात नाहीच. खरं संकट आहे वेळेवर पुढून बाजूला होण्यात, कारण गाड्यांना थांबता येत नाही.

त्यासाठी दोन बगले असतात. भगताच्या डाव्या-उजव्या काखेत हात घालून ते त्याच्याबरोबर पळतात, आणि शेवटी दोर काढून त्याला उचलून बाजूला घेतात. मल्हारखेडात डावा बगला भाऊबंदांपैकी असे. उजवा मात्र भगताचा साळाच असला पाहिजे, ही रीत. ज्याची बहीण रांडाव होणार असेल तोच हात घट्ट धरील, असा जुन्या लोकांचा विचार असावा. जुने लोक काही मूर्ख नव्हते.

पार्वताबाईचा सासरा पुंजाराम भगत होता. ती घरात आली त्याच्या चौथ्या वर्षी त्याच्या साळ्याचा हात निसटला आणि पहिल्या गाडीचं चाक म्हाताऱ्याच्या मांडीवरून गेलं. पाय गेला, जीव राहिला. पुढे नऊ वर्षं पुंजाराम खाटेवर होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मांडी उघडी करून दाखवायचा आणि म्हणायचा, देवानं पाय मागितला, देऊन टाकला. गाव हात जोडायचं. त्याचं हगणंमुतणं नऊ वर्षं पार्वताबाईनं काढलं, त्याला कोणी हात जोडले नाहीत. रात्री म्हातारा उशीत तोंड खुपसून कण्हायचा, तेही तिनंच ऐकलं.

पुंजारामानंतर कमरेचा दोर तिच्या नवऱ्याकडे, सूर्यभानाकडे आला.

सूर्यभान साधा माणूस. दारू नाही, जुगार नाही, तमाशाचा नाद नाही. बैल घ्यायचा तरी बायकोला विचारून घ्यायचा. चारचौघांत बसला तर तो तिथं आहे हे कोणाच्या ध्यानात राहत नसे. वर्षातले बाकीचे दिवस तो असा असायचा आणि एक दिवस साऱ्या गावाचा देव व्हायचा. सहा दिवस उपास करून, जमिनीवर झोपून तो ज्या डोळ्यांनी उठायचा, ते डोळे पार्वताबाईला परक्या माणसाचे वाटत. तिला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला. अभिमान वाटायचा, आणि ती संध्याकाळ लवकर सरावी असंही वाटायचं.

अठरा वर्षं त्यानं गाड्या ओढल्या. उजव्या हाताला पार्वताबाईचा धाकटा भाऊ नत्थुजी. तो बडनेऱ्याला रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. रजा टाकून यायचा, आणि अंगानं असा दणकट की सूर्यभानाला उचलायचा तर मुलासारखा उचलायचा. एकोणिसाव्या वर्षी देवळाच्या अलीकडे सूर्यभानाचा गुडघा वाकला. नत्थुजीनं त्याला ओढून काढलं, पण चाकाची लोखंडी धाव पाठीला घासून गेली. गावाला काही कळलं नाही, गाव येळकोट करत होतं. घरी आल्यावर पार्वताबाईनं हळद पुसली तर खाली कातडं सोललेलं.

नत्थुजी जाताना तिला बाजूला घेऊन म्हणाला, की बाई, भाऊजींचा गुडघा संपला, पुढच्या वर्षी माझ्या हातून निभेल असं वाटत नाही.

मग वर्षभर तिनं काय केलं नाही? गोडीनं सांगितलं, भांडून सांगितलं, आठ दिवस अबोला धरला. परतवाड्याला दिलेल्या पोरीला बोलावून तिच्याकडून सांगवलं. सूर्यभान ऐकून घ्यायचा. शेवटी एकदाच म्हणाला, की पोटी पोरगा नाही. आपण दोर ठेवला तर तो दुसऱ्या घरी जाईल आणि परत येणार नाही. जीव तर कसाही जाणारच आहे.

त्याच वर्षी तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावात गाड्यांखाली माणूस मेल्याची बातमी बाजारात आली. अकोल्याचे तहसीलदारसाहेब चौकशी करून राहिले, असंही कोणी बोललं. पार्वताबाईनं वांग्यांची टोपली ओळखीच्या माळणीजवळ ठेवली आणि तशीच कचेरीत गेली. झाडाखाली अर्जनवीस बसला होता. त्यानं विचारलं, अर्ज कोणाविरुद्ध? नवऱ्याविरुद्ध का? ती म्हणाली, विरुद्ध नाही, नवऱ्यासाठी. अर्जनवीस म्हणाला, असा रकाना नाही. तरी त्यानं लिहून दिला.

तहसीलदार तरणा होता, नागपूरकडचा, चष्मेवाला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यानं तिला बसायला सांगितलं आणि नीट विचारपूस केली. नवरा वेडा आहे का? नाही. नशापाणी? नाही. गावातले लोक जुलमानं ओढायला लावतात का? नाही. मग तो म्हणाला, की बाई, शहाणा, वयात आलेला माणूस स्वतःच्या मर्जीनं स्वतःचा जीव धोक्यात घालतो, त्यात सरकारनं कोणत्या तोंडानं पडायचं?

“साहेब,” पार्वताबाई म्हणाली, “कोनी विहिरीत उडी मारली अन् वाचला, त त्याच्यावर तुमी खटला भरता. तवा नाई इचारत मर्जी कोनाची होती. माहा नवरा तेच करून राहिला. फक्त वाजतगाजत करून राहिला.”

तहसीलदारानं चष्मा काढून पुसला. मग त्यानं गाड्यांची सगळी रीत विचारून घेतली आणि तिनं सांगितली. बगल्यांचंही सांगितलं. त्यानं विचारलं, हे दोघं आलेच नाहीत तर? पार्वताबाई म्हणाली, मग कशा ओढतील? उजव्या बगल्याबिगर कोणीच कधी ओढल्या नाहीत, तिच्या आजेसासऱ्यापासून नाहीत. हे तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. साहेबांनी ते कागदावर टिपून घेतलं, आणि अर्जदाराचं नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिला. नाव पुढे फुटलंच, पण ते सगळं होऊन गेल्यावर.

चंपाषष्ठीच्या आधी दहा दिवस कोतवालानं दवंडी दिली. देवळासमोरच्या मैदानात कोणी गाड्या ओढायच्या नाहीत. ओढणाऱ्याला दंड, आणि जो ओढणाऱ्याचा हात धरील, काखेत हात घालील, त्याच्याबरोबर पळेल, त्याला कैद. ठाणेदारानं डाव्या बगल्याला, जानरावाला, ठाण्यात बोलावून हात धरणार नाही असा मुचलका लिहून घेतला.

गाव भडकलं. चावडीवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. रामराव पाटील आपला गुळमुळीत. म्हणे हुकूम तो हुकूम. पोरं म्हणाली, आमचा देव, आमचा जीव, यात गोऱ्या साहेबाचं काय गेलं? एक म्हातारा म्हणाला, की अरे, तुमचा जीव म्हणता, पण पुंजाराम खाटेवर पडला तेव्हा तुमच्यापैकी कोण त्याची खाट उचलायला गेला होता? त्याला पोरांनी गप्प बसवलं. पार्वताबाई पाणवठ्यावर ऐकत होती. कोणी अर्ज केला असेल यावर बायका तर्क लढवत होत्या आणि तीही त्यांत तर्क लढवत होती. तिला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हलकं वाटत होतं.

सूर्यभान घरी जेवताना म्हणाला, “अकोल्यात दारूच्या दुकानाले सरकार लायसन देते. अफूचं दुकान बी सरकारचंच हाय. थ्यानं मेले त चालते. मी माह्या देवापुढं मेलो त नाई चालत?”

तिनं त्याच्या ताटात आणखी भाकर वाढली. तिला वाद जिंकायचा नव्हता. तिला माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांकडून नत्थुजीला कार्ड लिहवलं. हुकूम झाला आहे, तू आलास तर कैद होईल, रेल्वेची नोकरी जाईल, लेकरं उघडी पडतील, येऊ नको. तिला ठाऊक होतं की भाऊ नोकरीला भिणारा नाही, म्हणून खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली, की भाऊजींनीही यंदा विचार सोडला आहे. ही शुद्ध थाप होती. सूर्यभानानं काहीच सोडलं नव्हतं. तो तेव्हा उपासाला बसला होता आणि जमिनीवर झोपत होता. पार्वताबाई मनाशी म्हणत होती, करू दे उपास, उपासानं कोणी मरत नाही.

चंपाषष्ठी उजाडली. ठाणेदार दोन शिपाई घेऊन सकाळपासून मैदानात खुर्ची टाकून बसला. पूजा झाली, भंडारा उधळला, गाव मुकाट्यानं घरोघर गेलं. दुपार कलली तरी मैदानात एक चाक आलं नाही. पार्वताबाईनं रोडगे केले, वांगी भाजून भरीत केलं, देवाला नैवेद्य दाखवला. कितीतरी वर्षांनी त्या दिवशी तिला भूक लागली होती. सूर्यभान हळद लावून ओसरीवर बसला होता. म्हणाला, मळ्यातल्या म्हसोबाला नारळ फोडून येतो. ती म्हणाली, लवकर या, भरीत निवते.

तिला ठाऊक नव्हतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. हुकूम मैदानापुरता होता, म्हणून पोरांनी गाड्या मैदानात आणल्याच नाहीत. मळ्याकडून नाल्यावर उतरणारी पांधण आहे, दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण, मध्ये एका बंडीची वाट. तिथं दुपारपासून एकेक करून बारा गाड्या लावल्या होत्या. मैदान सपाट आहे. पांधण नाल्याकडे उतरते, आणि तिथं बाजूला व्हायला जागा नाही.

आणि बगले? बगल्यांचं नाव हुकमात होतं. हात धरील त्याला कैद. जानरावानं मुचलका लिहून दिला होता, तो घरात कडी लावून बसला. बाकीच्यांनी विचार केला, की हात धरणारा पुढं असतो, हळदीच्या माणसाला चिकटलेला, त्याला उद्या कोणीही ओळखील. गाडीवर बसणाऱ्याला अंधारून आल्यावर कोण ओळखणार? म्हणून साठ माणसं गाड्यांवर बसली आणि सूर्यभानाच्या काखेत हात घालायला एक माणूस पुढे झाला नाही. अशी ही भक्ती.

एकानं म्हणे त्याला विचारलं, की सूर्यभानजी, बगल्याबिगर कसं करता? तो म्हणाला, खंडोबा हाय.

पार्वताबाईनं घरातून येळकोट ऐकला. आधी तिला वाटलं देवळात आरती चालू आहे. मग आवाज मळ्याकडून येतो आहे हे कळलं आणि ती भरिताच्या हातांनीच पळाली. पांधणीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मागच्या गाड्यांवरची माणसं अजून येळकोट करतच होती, कारण पुढं काय झालं ते मागे कळलं नव्हतं. सूर्यभान चाळीस पावलं पळाला होता. मग गुडघा वाकला. उतारावर साठ माणसांच्या वजनाच्या गाड्या थांबणार कशा? कमरेचा दोर काढायला कोणी नव्हतं. चार गाड्या गेल्या, पाचवी कुंपणात घुसून आडवी झाली, तेव्हा बाकीच्या थांबल्या.

तिनं पोचून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मागे पाहिलं तर पांधण रिकामी. तेवढ्यात साठच्या साठ माणसं काट्यांतून पसार झाली होती. शेवटी ठाणेदाराच्या दोन शिपायांनी आणि घरातून धावत आलेल्या जानरावानं मिळून त्याला खाटेवर घालून घरी आणलं. जानराव सारखा कपाळ बडवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार सरकारी डाक्टरला घेऊन आला. डाक्टरनं पाहिलं आणि म्हणाला, हलवण्यात अर्थ नाही. तहसीलदारानं जबान्या घेतल्या. गावातल्या एकूण एक माणसानं सांगितलं, मी घरी होतो. कागदावर पाहिलं तर त्या गाड्यांवर कोणीच बसलं नव्हतं. सूर्यभानाला विचारलं, कोणी भरीला घातलं? तो म्हणाला, कोनी नाई, माह्या मर्जीनं.

जाताना तहसीलदार अंगणात पार्वताबाईजवळ थांबला. चेहरा उतरला होता. म्हणाला, की बाई, माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. पुढच्या वर्षी पांधणींवरही पहारा ठेवीन. त्याला वाटत होतं ती काहीतरी बोलेल, दोष देईल नाहीतर दोषातून सोडवील. तिनं फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढच्या वर्षी पहाऱ्यानं तिचं काय राखलं जाणार होतं?

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून सूर्यभान शुद्धीवर होता. दुखणं थांबलं होतं, आणि ते चांगलं लक्षण नाही हे सासऱ्याचं केल्यामुळे तिला समजत होतं. त्यानं पाणी मागितलं. मग विचारलं,

“नत्थू काहून नाई आला?”

खोटं बोलायला ती कधी अडली नव्हती. नोकरीवरून सोडलं नाही, गाडी चुकली, काहीही सांगता आलं असतं, आणि तो मानून गेला असता. पण तिच्यानं ते झालं नाही.

“म्याच येऊ नोको म्हणून कळवलं,” ती म्हणाली. “हुकूम बी म्याच आणला. अर्ज माहा होता.”

सूर्यभान आढ्याकडे पाहत राहिला. तो रागावेल म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो म्हणाला, “मी थांबनार नाई, हे तुले मालूम होतं.”

“मले वाटलं, उजव्या हाताले कोनी नसन त तुमी नाई ओढनार.”

त्यानं मान तिच्याकडे वळवली. तेवढ्यालाही त्याला श्रम पडले.

“मंग त्याच्या जाग्यावर तू याले पाह्यजे होती,” तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. पार्वताबाई त्याचा हात धरून बसून राहिली, आणि दुपारी तो गेला.